क्राफ्ट बिअरचा मेनू हातात आला की नेमकं काय करायचं

पिल्सनर, विट, हेफेवाइझन, सेझॉन, हेझी आयपीए, नायट्रो स्टाउट... क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या ब्रुअरीजनी वेगवेगळ्या स्टाइलमध्ये बनवलेल्या बिअरच्या, मेनूवर एवढं सगळं एकदम समोर आलं की बहुतेक जण एकतर सगळ्यात लाइट कुठली ते विचारतात नाहीतर शेजारच्याने जी घेतली तीच घेतात, आणि ती नाही आवडली की "आपल्याला क्राफ्ट बिअर झेपत नाही बुवा" म्हणून मोकळे होतात. हा लेख त्यांच्यासाठी. आणि ज्यांना बिअरच आवडत नाही त्यांच्यासाठीपण, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी आजवर बिअरचा एकच प्रकार प्यायलेला असतो, फिकट पिवळी, थंडगार, फारशी चव नसलेली लागर, फक्त दरवेळी वेगळ्या लेबलची.

ही फिकट लागर आली कुठून ते सांगतो, पुढे उपयोगी पडेल. १८४२ साली बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) पिल्झेन शहरात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरने फिकट माल्ट, तिथलं मऊ पाणी आणि साझ जातीचे हॉप्स वापरून सोनेरी लागर बनवली (माल्ट, हॉप्स म्हणजे काय ते पायरी १ मध्ये येतंच). ती इतकी चालली की जगभर तिच्या नकला झाल्या, आणि आज मोठ्या कारखान्यांतून निघणारी बहुतेक बिअर तिच्याच वंशातली आहे, फक्त हॉप्स कमी केलेली आणि अंगाने पातळ. म्हणजे आपण ज्याला नुसतं "बिअर" म्हणतो ती एक स्टाइल झाली. बिअर जज करणाऱ्यांची बीजेसीपी म्हणून संस्था आहे, तिच्या यादीत शंभरावर स्टाइल्स आहेत. घाबरू नका, त्या पाठ वगैरे करायच्या नाहीयेत. आपल्याला एवढंच शोधायचंय की जिभेला काय आवडलं, काय खुपलं आणि ते नेमकं कशामुळे आलं. "कशामुळे" कळलं की पुढची बिअर निवडणं सोपं होतं, नाहीतर मग आयुष्यभर लॉटरीच.

पायरी १: आत असतं काय ते समजून घ्या

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट, बस. बव्हेरियाचा १५१६ चा जो फेमस कायदा आहे ना, त्यात तर तीनच लिहिलेत, पाणी, सातू आणि हॉप्स, यीस्टचं नावच नाही कारण हे आंबतं कशाने हे तेव्हा कुणाला माहितीच नव्हतं. गंमत अशी की चवीच्या बाबतीत सगळ्यात जास्त उद्योग तेच करतं.

माल्ट म्हणजे सातू भिजवून, मोड आणून, मग वाळवलेला. वाळवताना तो किती भाजला त्यावर रंग आणि बरीचशी चव ठरते. हलका भाजला की ब्रेड, बिस्किट, मधासारखा गोडवा, थोडा जास्त भाजला की कॅरॅमल आणि टॉफी, आणि पार काळा होईपर्यंत भाजला की कॉफी आणि डार्क चॉकलेट. साध्या स्टाउटमध्ये, म्हणजे काळ्या, भाजलेल्या माल्टच्या बिअरमध्ये, कॉफीचा वास येतो तेव्हा आत कॉफी घातलेलीच असते असं नाही, बहुतेक वेळा तो भाजलेला सातूच असतो.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. यांचं एक नीट लक्षात ठेवा म्हणजे अर्धा गोंधळ तिथेच संपेल. माल्टचं गोड पाणी उकळतात, त्याच्या सुरुवातीला हॉप्स टाकले तर कडूपणा उतरतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो, अगदी शेवटी टाकले किंवा बिअर आंबत असताना आणि नंतर टाकले, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, तर कडूपणा फार येत नाही पण वास राहतो, संत्र्याचा, आंब्याचा, पाइनच्या झाडाचा, गवताचा, जातीवर अवलंबून. म्हणजे "हॉपी" लिहिलंय म्हणून ती कडूच असेल असं अजिबात नाही.

आता यीस्ट. ते साखर खातं आणि अल्कोहोल आणि गॅस सोडतं, पण ते करता करता अजून शंभर गोष्टी सोडतं. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांत काम करतं, पटापट करतं आणि फळांसारखे वास मागे ठेवतं. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांत सावकाश काम करतं, नंतर ती बिअर कित्येक आठवडे थंड ठेवतात, म्हणून लागर स्वच्छ लागते, मागे माल्ट आणि हॉप्स एवढंच उरतं. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये एमिल ख्रिश्चन हानसेनने लागरचं यीस्ट शुद्ध एकाच पेशीपासून वाढवून दाखवलं आणि तिथून पुढे दर बॅच सारखी निघायला लागली. जवळजवळ सगळ्या बिअर दोन घराण्यांत विभागल्यात, एल आणि लागर, आणि फरक यीस्टचा आहे, रंगाचा नाही, स्ट्राँग असण्याचा नाही. काळी लागर असते आणि फिकट एलपण असते.

पाण्याचं सोडून द्या सध्या. फरक पडतो, पण ते टेन्शन बनवणाऱ्याचं.

पायरी २: मेनूवरचे आकडे वाचायला शिका, पण त्यांच्यावर फार विसंबू नका

एबीव्ही म्हणजे अल्कोहोल किती टक्के. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक सगळ्यात शेवटी बघतात. ३३० मिलीची ५ टक्केवाली बिअर म्हणजे साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल, तेवढीच ९ टक्केवाली म्हणजे २३ ग्रॅमच्या वर. ग्लास तेवढाच, पण प्यायलात जवळपास दुप्पट. हिशोब सोपा आहे, मिली गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.७९. क्राफ्टमध्ये साडेतीनपासून बारा टक्क्यांपर्यंत सगळं एकाच मेनूवर असतं, त्यामुळे "मी आरामात तीन पितो" हे तुमचं गणित इथे चालणार नाही.

आयबीयू हा कडूपणाचा आकडा. हेफेवाइझन साधारण ८ ते १५, चेक पिल्सनर ३० ते ४५, अमेरिकन आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची) ४० ते ७०. पण हा आकडा फसवतो. कोऱ्या कॉफीत साखर घातली तर कडूपणा जात नाही, फक्त झाकला जातो, तसंच इथे माल्टचा गोडवा करतो. म्हणून ६० आयबीयूची जाड गोडसर इम्पीरियल (म्हणजे जास्त स्ट्राँग) स्टाउट तुम्हाला सहज जाईल आणि ४० ची कोरडी पिल्सनर जास्त कडू वाटेल. आकडा एकटा वाचू नका, बिअर गोड आहे की कोरडी हे विचारा.

रंगाबद्दल जे काय डोक्यात असेल ते काढून टाका. काळी म्हणजे स्ट्राँग, काळी म्हणजे जड, हे सर्रास ऐकू येतं आणि साफ चुकीचं आहे. गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट दिसते आणि तिच्यात अल्कोहोल साधारण ४.२ टक्के, म्हणजे नेहमीच्या लागरपेक्षाही कमी. बेल्जियमची डुव्हेल मस्त सोनेरी, निरागस दिसते आणि ८.५ टक्के आहे. कोण कोणाला आडवं करेल ते बघून सांगता येत नाही.

पायरी ३: पहिल्या चार बिअर

माझं मत असं की सुरुवातीला चारच स्टाइल्स घ्या ज्या एकमेकींपासून शक्य तेवढ्या लांब आहेत. दहा आयपीए पिऊन काही कळत नाही, चार टोकं चाखली की लगेच कळतं आपण कुठे झुकतोय.

एक, चांगली ताजी पिल्सनर किंवा हेलेस. हो, लागरच. कारण तुमची नेहमीची ओळखीची चव नीट बनवली की कशी लागते हे आधी कळायला हवं. हेलेस जरा माल्टकडे झुकते, ब्रेडसारखी मऊ, आणि पिल्सनर हॉप्सकडे, फुलांचा थोडा मसालेदार वास आणि शेवटी स्वच्छ कडूपणा.

दुसरी गव्हाची, हेफेवाइझन किंवा विट. ज्यांना कडू चालत नाही त्यांच्यासाठी हा सगळ्यात सोपा दरवाजा. हेफेवाइझन जर्मन, निम्म्याहून जास्त गव्हाचा माल्ट, आणि तिला चक्क केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत ना केळं असतं ना लवंग, यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं जे रसायन सोडतं तेच पिकलेल्या केळ्यात असतं, आणि लवंगेसारखा वासही यीस्टचाच. विट बेल्जियन, तिच्यात मात्र खरंच धने आणि संत्र्याची साल घालतात. ही स्टाइल १९५० च्या दशकात शेवटची ब्रुअरी बंद पडल्यावर संपल्यातच जमा होती, मग हुखार्डन गावात पिएर सेलिस नावाच्या माणसाने, जो मूळचा दूधवाला, १९६० च्या दशकात ती परत सुरू केली. आज जगात कुठल्याही मेनूवर विट दिसते ती त्याच्यामुळे.

तिसरी अमेरिकन पेल एल. आयपीए नाही, पेल एल. हॉप्सची ओळख इथून करून घ्या. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅस्केड नावाची हॉप्सची जात आली, ग्रेपफ्रूटसारखा वास असलेली, आणि १९८० मध्ये सिएरा नेवाडाने ती भरपूर वापरून पेल एल बनवली. त्यानंतरची बहुतेक क्राफ्ट बिअर या ना त्या प्रकारे तिच्या मागून आलीये.

चौथी ड्राय स्टाउट किंवा पोर्टर. भाजलेलं, कॉफी, कोको. कोरी कॉफी किंवा डार्क चॉकलेट आवडत असेल तर ही आधी घ्या, क्रम बदलला तरी चालेल.

यापैकी एखादी नाही आवडली तर उत्तम, तीपण माहितीच आहे.

पायरी ४: प्यायची कशी

ग्लासात ओता. बाटली किंवा कॅनमधून थेट प्यायलात तर वास नाकापर्यंत पोचतच नाही आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो. ग्लास फॅन्सी नसला तरी चालेल, स्वच्छ हवा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस बसतो आणि आत काचेला जागोजागी बुडबुडे चिकटलेले दिसतात. असं दिसलं की समजा ग्लास नीट धुतलेला नाही. साध्या पाण्याने खळखळून घ्या, न पुसता ओता.

ग्लास तिरपा धरून सुरुवात करायची, अर्धा झाला की सरळ करायचा आणि मधोमध ओतायचं म्हणजे दोन बोटं फेस येतो. फेसाला घाबरू नका, वास तोच धरून ठेवतो. हेफेवाइझनची गोष्ट जरा वेगळी, तिचं यीस्ट बाटलीच्या तळाशी बसलेलं असतं. तीन चतुर्थांश ओतायची, मग उरलेल्या बिअरसकट बाटली गोल गोल फिरवायची की तळाचा गाळ सुटून येतो, दुधट ढगासारखा, आणि तो सगळ्यात शेवटी वरून सोडायचा. सोडण्याआधी एक घोट घेऊन बघा आणि सोडल्यावर एक. आधीची हलकी, नंतरची भरलेली, केळं-लवंग दोन्ही वाढलेलं. यीस्ट काय करतं हे शिकायला यापेक्षा स्वस्त आणि मजेदार धडा मला माहीत नाही.

थंडीचं बोलू. एकदम बर्फगार बिअरला चव नसते, जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. म्हणून तर बेचव बिअर बर्फगार विकतात, हे माझं वैयक्तिक, जरा खवचट मत. पिल्सनर वगैरे ४ ते ७ अंश, पेल एल आणि आयपीए ७ ते १० च्या आसपास, स्टाउट आणि स्ट्राँग बिअर १० ते १३. घरी थर्मामीटर कोण लावतंय, त्यामुळे सोपं म्हणजे स्टाउट फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवायची आणि मग उघडायची. किंवा आत्ताच उघडा आणि हळूहळू प्या, पहिला घोट नुसता जळका-कडू लागतो आणि ग्लास अर्धा होईपर्यंत त्यातून चॉकलेट, मनुका असलं काहीतरी वर यायला लागतं. स्टाउट नाही आवडत म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण त्या पहिल्या घोटावरच थांबलेले असतात.

घोट घेतला की लगेच गिळू नका, तोंडात फिरवा, गिळल्यावर नाकाने श्वास बाहेर सोडा. विचित्र वाटतं पण तेव्हाच अर्धे वास कळतात. आणि मनातल्या मनात तीनच प्रश्न: गोड का कोरडी? अंगाने जड का हलकी? शेवटी मागे काय राहिलं? बाकी "पॅशनफ्रूटच्या नोट्स" तुम्हाला नाही आल्या तर नाही आल्या, काही बिघडत नाही.

एकाच वेळी चाखायच्या असतील तर फ्लाइट मागा, म्हणजे लहान लहान ग्लासांचा सेट, साधारण १०० मिलीचे. हलकी आधी, कडू आणि भाजलेली नंतर, स्ट्राँग सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर आयपीएनंतरची हेलेस पाण्यासारखी लागणार आणि दोष हेलेसला जाणार. मध्ये मध्ये पाणी. चारच्या वर जाऊ नका, पाचव्यापासून जीभ पण थकते आणि डोकंही.

पायरी ५: जे आवडलं त्याचा धागा पकडा

खरी मजा इथे. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदला.

पिल्सनर आवडली? मग लागरच्याच घरात रहा आणि माल्ट बदला. व्हिएन्ना लागर जरा तांबूस, टोस्टसारखी. तिथून म्युनिकची डुंकेल, ब्राउन आणि ब्रेडच्या कडेसारखी खरपूस, पण जड अजिबात नाही. मग डॉपेलबॉक, ती ७ टक्क्यांच्या वर, घट्ट. फारच धाडस आलं तर बांबेर्ग शहराची राउखबिअर, तिचा माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात, वास सरळ शेकोटीचा. कोल्श पण बघा, ती एलच्या यीस्टने आंबवतात पण नंतर लागरसारखी थंड ठेवतात, दोन्हीकडचं थोडं थोडं.

गव्हाची आवडली तर स्वतःला विचारा, नक्की काय आवडलं. तो मऊपणा, का यीस्टचा मसालेदारपणा? मसालेदारपणा असेल तर तुमची गाडी बेल्जियमला जाते. सेझॉन घ्या, कोरडी खडखडीत, मिरीसारखी, गॅस भरपूर. मग ट्रिपेल, सोनेरी. वेस्टमालेच्या मठाची ट्रिपेल १९३४ पासून ओळखली जाते आणि ९.५ टक्के आहे, पिताना कळत नाही हेच तिचं दुखणं. डुबेल गडद, मनुका आणि कॅरॅमलची. यातल्या काहींवर ट्रॅपिस्ट लिहिलेलं असतं, म्हणजे ती मठाच्या आवारात, तिथल्या साधूंच्या देखरेखीखाली बनलीये, ती काही स्टाइल नव्हे. आणि नुसता मऊपणा आवडला असेल तर ओट्स घातलेल्या बिअर शोधा, ओटमील स्टाउट किंवा हेझी आयपीए.

स्टाउट आवडली तर गोड बाजूला मिल्क स्टाउट, तिच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालतात, यीस्टला ती साखर खाता येत नाही म्हणून गोडवा तसाच राहतो. दूध पचत नसेल त्यांनी हे वाचून मगच घ्या. नायट्रो लिहिलेलं असेल तर तिथे नायट्रोजन वापरलेला असतो, बुडबुडे बारीक, फेस साईसारखा, आणि चव जरा दबते. इम्पीरियल स्टाउट, बॅरलमध्ये मुरवलेली वगैरे प्रकार नंतर, आणि दोघा-तिघांत वाटून.

पेल एल आवडली तर साहजिकच आयपीए, आणि तिच्यावर जरा थांबू कारण मेनूचा निम्मा भाग तिनेच खाल्लेला असतो.

इंडिया पेल एलबद्दलची दंतकथा सगळ्यांना माहिती असते, भारतापर्यंतच्या जहाजप्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्स घालून मुद्दाम शोधून काढली वगैरे. इतकं सरळ नाही ते. त्याच जहाजांतून पोर्टरही मोठ्या प्रमाणात भारतात येत होती आणि ठीकठाक पोचत होती, आणि भरपूर हॉप्सवाल्या मुरवायच्या बिअर इंग्लंडमध्ये आधीपासूनच होत्या. असो. आजची आयपीए हे एकच नाव आहे पण आत किमान दोन वेगळे प्राणी आहेत. वेस्ट कोस्ट म्हणजे स्वच्छ, आरपार दिसणारी, कोरडी, पाइन आणि ग्रेपफ्रूट, कडूपणा तोंडात रेंगाळणारा. हेझी किंवा न्यू इंग्लंड म्हणजे गढूळ, ज्यूससारखी दिसणारी, मऊ, आंबा-संत्रं, कडूपणा अगदी कमी, कारण तिथे हॉप्स जवळजवळ सगळे शेवटी टाकलेले असतात. पायरी १ मध्ये सांगितलं ना ते हेच. त्यामुळे कुणी तुम्हाला एक आयपीए दिली आणि जीभ सोलून निघाली तर "आयपीए नको" असं म्हणू नका, आधी विचारा कुठली होती. डबल लिहिलं असेल तर ८ टक्क्यांच्या आसपास, सेशन लिहिलं असेल तर ५ च्या खाली.

चारही नाही आवडल्या तर? मग आंबट. खरंच. वाइन किंवा सरबत आवडणारी माणसं, ज्यांना बिअर म्हटलं की नाक मुरडायची सवय, ती इथे येऊन थांबतात. सोपी सुरुवात गोझे, लाइपझिगकडची, हलकी, आंबट, थोडं मीठ आणि धने घातलेली. बर्लिनर वाइसे त्याहून हलकी, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. फळं घातलेल्या सावर, म्हणजे आंबट बिअर, आता सगळीकडे मिळतात, त्यातल्या काही सरळ शेक असतात पण चालायचंच. शेवटचं टोक म्हणजे लाम्बिक, ब्रसेल्सच्या परिसरातली. तिथे यीस्ट टाकतच नाहीत, हॉप्स घालून उकळलेलं माल्टचं गोड पाणी उथळ उघड्या भांड्यांत रात्रभर थंड होऊ देतात, हवेतून आणि लाकडातून जे काही येईल ते आंबवतं, आणि मग वर्षानुवर्षं लाकडी पिंपात. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लाम्बिक मिसळून गूझ बनवतात. तिला तबेल्याचा, ओल्या चामड्याचा वास येतो असं लोक कौतुकाने सांगतात, तेव्हा ती पहिल्याच दिवशी मागवू नका एवढंच म्हणेन.

पायरी ६: नावडती आणि बिघडलेली यात फरक करा

हे कोणी सांगत नाही आणि नवीन माणसाचं नुकसान इथे होतं. बिघडलेली बिअर प्यायची आणि स्टाइललाच नाव ठेवायचं.

ओला पुठ्ठा किंवा जुन्या कागदासारखी चव आली तर ती ऑक्सिजन लागून शिळी झालीये. बटर पॉपकॉर्नसारखी आली तर ते डायअसेटिल नावाचं रसायन, बहुतेक वेळा यीस्टला काम पूर्ण करू दिलं नाही किंवा बारमधल्या बिअरच्या नळाच्या पाइपची साफसफाई नाही. उकडलेल्या मक्यासारखा वास, हिरव्या सफरचंदासारखा कच्चा वास, हे पण बनवताना राहिलेले दोष. आणि हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला जो उग्र, घाणेरडा वास येतो तो उजेडामुळे, हॉप्समधल्या कडू द्रव्यावर ऊन किंवा ट्यूबचा प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं. तपकिरी बाटली बऱ्यापैकी वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो. गव्हाच्या बिअरमधली लवंग किंवा सावरमधला आंबटपणा हा दोष नाही, पण पिल्सनर आंबट लागली तर नक्की दोष आहे. तेव्हा परत करा, बिनधास्त, फक्त नीट सांगा काय लागतंय.

विकत घेताना तारीख बघा. एक्सपायरीची नाही, भरल्याची. आयपीए आणि पेल एल दोन-तीन महिन्यांच्या आत प्यायलेली बरी, हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो, हेझीचा तर अजून लवकर. दुकानात खिडकीत उन्हात मांडून ठेवलेली घेऊ नका, फ्रिजमधली घ्या, घरी आणून फ्रिजमध्येच ठेवा, उभी. जपून ठेवायच्या बिअर वेगळ्या, इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन (नावाने वाइन, पण खूप स्ट्राँग एल), गूझ, त्या वर्षभर थांबल्या तरी चालतात. "जुनी तेवढी भारी" हे बाकी बिअरला लागू नाही.

पायरी ७: दोन ओळी लिहून ठेवा

फोनच्या नोट्समध्ये, फक्त नाव, स्टाइल, टक्के आणि दोन ओळी. "मस्त होती" असं लिहू नका, त्यातून काही मिळत नाही. "कोरडी, संत्र्याचा वास, शेवटी कडू राहिली, दुसरा ग्लास नको वाटला" असं लिहा. दुसरा ग्लास घ्यावासा वाटला का हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे, कारण पहिल्या चार घोटांत जड, गोड, भडक बिअर नेहमी बाजी मारते. ॲपवरच्या रेटिंगचंही तेच होतं, तिथे वर बसलेल्यांत इम्पीरियल स्टाउट आणि डबल हेझींची गर्दी असते आणि उत्तम हेलेस कुठेतरी मध्ये लोंबकळत असते. रेटिंग बघा, पण एका स्टाइलच्या आत तुलना करायला बघा.

थोडं बाकीचं, पटकन. गाडी चालवायची असेल, गरोदर असाल, औषधं चालू असतील तर हे सगळं राहू द्या. वय कायद्यात बसत नसेल तरीही. ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांनी सातू आणि गव्हाच्या बिअरपासून लांब राहावं. अल्कोहोल न घेणाऱ्यांसाठी आता चांगल्या ०.५ टक्क्यांच्या आतल्या क्राफ्ट बिअर निघाल्यात, त्यातल्या हॉपी आणि डार्क जास्त जमून येतात, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या त्यांनाही तशाच लागू.

बारमध्ये गेल्यावर "चांगली कुठली?" असं विचारू नका, समोरचा आज जी संपवायची असेल ती देईल. "मला कडू कमी, कोरडी, ५ टक्क्यांच्या आत हवी, गेल्या वेळी विट आवडली होती" असं सांगा, मग बघा तो कसा खुलतो. ठरत नसेल तर टेस्टर मागा, लाजायचं काही नाही, चाखायला एक-दोन टेस्टर बहुतेक ठिकाणी देतात. फक्त मागे रांग असताना बाराच्या बारा नळ चाखून शेवटी "नेहमीची लागर द्या" म्हणू नका.